दोन हीटच्या मधे दुरुस्त होईल अशी बग्गी घे

अगं,

तुझा मेसेज वाचला. तीन गाड्यांचे फोटो आणि खाली एकच प्रश्न, काका यातली कुठली फोर व्हील बग्गी, म्हणजे रिमोटवर चालणारी, चारही चाकांना ताकद मिळणारी रेसची छोटी गाडी, घेऊ. एक नाव टाइप करून मोकळं होता आलं असतं, पण पैसे तुझे आहेत, तेही मास्टर्सच्या खर्चातून वाचवलेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

आधी एक काम कर. कॉव्हेंट्रीच्या आसपास तुला जो क्लब सोयीचा पडतो तिथे एकदा गाडी न घेता जाऊन ये. इथे इंग्लंडमध्ये साधारण असं असतं की हिवाळ्यात शाळेच्या नाहीतर स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये कार्पेट अंथरून रेस होतात, उन्हाळ्यात बाहेर अ‍ॅस्ट्रोटर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, काही ठिकाणी गवत-मातीवर. तिथे गेल्यावर ट्रॅककडे कमी बघ आणि पिटमधल्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेतल्या, टेबलांकडे जास्त बघ. कुठल्या गाड्या दोन-तीन जणांकडे आहेत, कुणाच्या पेटीत जास्तीचे फ्रंट आर्म, म्हणजे पुढची चाकं धरणारे दांडे, आहेत, काही तुटलं की कोण कुणाकडे मागायला जातो, हे तासाभरात कळतं. आणि सरळ विचार की फोर व्हीलचा क्लास दर वेळी भरतो का, कारण काही क्लबांत टू व्हीलला, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांना, गर्दी असते आणि फोर व्हीलला चार-पाचच गाड्या येतात, मग तू एवढा खर्च करून रेस कुणाशी करणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की जी गाडी दोन हीटच्या, म्हणजे फायनलआधीच्या फेऱ्यांच्या, मधल्या वेळात तुला स्वतःला दुरुस्त करता येईल ती तुझी गाडी. क्लबची रेस पाच मिनिटांची असते, दिवसभरात तशा तीन-चार हीट आणि मग फायनल, आणि मधल्या वेळात बॅटरी चार्ज करायची, गाडी बघायची, शिवाय मार्शल म्हणूनही, म्हणजे दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला, उभं राहायचं. आमच्या क्लबात एक मुलगा फार सुंदर गाडी घेऊन आला होता, नवीकोरी, चेसिस नुसतं बघत राहावं असं, दुसऱ्याच हीटला ट्रॅकच्या कडेच्या पाइपला धडकून पुढचा हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, तुटला आणि तो पार्ट हॉलमध्ये कुणाकडेच नव्हता, दुकानातही नव्हता, बाहेरच्या देशातून मागवावा लागला. तो दिवसभर खुर्चीत बसून बाकीच्यांच्या रेस बघत होता. गाडीत दोष काहीच नव्हता, त्या हॉलसाठी ती चुकीची गाडी होती.

फोर व्हीलला हे जास्तच लागू पडतं. टू व्हीलमध्ये पुढची चाकं फक्त वळतात, फोर व्हीलमध्ये तीच गाडी ओढतातसुद्धा, म्हणजे पुढे आणखी एक डिफ (डिफरेन्शियल, दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), दोन ड्राइव्हशाफ्ट, त्यांची बेअरिंगं, आणि धडक तर नेहमी पुढूनच बसते. चालवायला फोर व्हील सोपी, थ्रॉटल जरा जास्त दाबला तरी गाडी गर्रकन फिरत नाही, नवीन माणसाला आत्मविश्वास येतो, म्हणून तुझी निवड मला पटलीच आहे. पण सांभाळायला ती टू व्हीलपेक्षा जास्त वेळ मागते, हे आत्ताच धरून चाल.

आता तुझे तीन फोटो. त्यातली मोठी, वन एटची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची, बाजूला ठेव. ती मोठ्या बाहेरच्या ट्रॅकची गाडी, हॉलमध्ये बग्गी वन टेनच, म्हणजे एक-दशांश मापाचीच, चालते. उरलेल्यांत एक रेडी टू रन आहे आणि एक किट. रेडी टू रन डब्यातून काढून चालवता येते हे खरं, पण क्लबच्या वेगाला तिचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रेडिओ (हातातला रिमोट) कमी पडायला लागतो आणि एकेक वस्तू बदलत बदलत शेवटी खर्च तेवढाच होतो. त्यातून ती दुसऱ्याने जोडलेली, त्यामुळे मोडली की उघडायची भीती वाटते. किट तू स्वतः जोडशील तेव्हा प्रत्येक स्क्रू कुठे आहे ते हाताला माहीत होईल, मेकॅनिकलवाली आहेस, तुला ते आवडेलच. फक्त किटच्या डब्यावरची किंमत पूर्ण समजू नकोस. वरच्या दर्जाच्या नव्या किटला बरेच पैसे जातात आणि त्यात मोटर नाही, स्पीड कंट्रोलर नाही, सर्व्हो नाही, रेडिओ-रिसीव्हर नाही, बॅटरी-चार्जर नाही, बऱ्याचदा टायरही नाहीत, आणि बॉडी पारदर्शक येते ती आपणच रंगवायची.

म्हणून मी तुला सांगेन की एक पिढी जुनी किट सेकंडहँड घे, क्लबातल्याच कुणाची. असोसिएटेडची बी ७४, एक्सरेची एक्सबी४, शूमाकरची कॅट, योकोमोची वायझेड४, टेक्नोची ईबी४१०, यातली कुठलीही चांगल्या हातात रेस जिंकू शकते, त्यामुळे नावावरून भांडण नको, तुझ्या हॉलमध्ये जिचे पार्ट मिळतात ती. घेताना मात्र घाई करू नकोस, बॉडी काढायला लाव आणि हाताने तपास. चाकं हलवून बघ, हिंज पिनमध्ये, म्हणजे आर्म ज्या बिजागरीवर हलतो तिथे, थोडा लूज खेळ चालेल, खूप नको. शॉकच्या शाफ्टवर ओरखडे असतील तर तेल गळणार. चेसिस सपाट टेबलावर ठेवून वाकलंय का बघ. डिफचे आउटड्राइव्ह बघ, जिथे ड्राइव्हशाफ्टचं टोक बसतं तिथे खाचा पडल्या असतील तर ते बदलावे लागतील. प्लॅस्टिकमधले स्क्रू फिरून फिरून सैल झालेत का तेही बघ. आणि बॅटरीची जागा विचारायला विसरू नकोस, जुन्या बऱ्याच फोर व्हीलमध्ये दोन तुकड्यांचा सॅडल पॅक लागतो, नव्यांमध्ये शॉर्टी, म्हणजे एकसंध आखूड पॅक, चुकीचा पॅक घेतलास तर बसणारच नाही.

मोटरची ताकद चाकांपर्यंत पोचवायला बेल्ट की शाफ्ट असंही विचारलं होतंस. तू राहतेस तिथून नॉर्थॅम्प्टन जवळच आहे, शूमाकर कंपनी तिथलीच. सेसिल शूमाकर, तो फॉर्म्युला वनवाला नाही बरं का, हा कॉसवर्थ या रेसिंग इंजिनांच्या कंपनीत गिअरबॉक्सचं काम करणारा इंजिनिअर होता, आरसी, म्हणजे रिमोटच्या, गाड्यांमधलं बॉल डिफ (गिअरऐवजी छोट्या गोळ्यांवर फिरणारं) त्याने काढलं. त्याची कॅट बेल्टवर चालायची आणि १९८७ साली इंग्लंडमध्येच रॉम्सीला झालेली फोर व्हीलची वर्ल्ड चॅम्पियनशिप मासामी हिरोसाकाने कॅटवरच जिंकली. बेल्ट आवाज कमी करतो, गाडी मऊ चालते, पण मातीवर बारीक खडा आत गेला की दात जातात. आज बहुतेक गाड्या शाफ्टच्याच आहेत, आणि तुझ्यासाठीही शाफ्टच बरी, देखभाल कमी. मधे स्लिपर (घसरणारा क्लच) की सेंटर डिफ हाही प्रश्न येईल. स्लिपरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र फिरतो, गाडी कोपऱ्यातून सरळ ओढून काढते, ग्रिप भरपूर असलेल्या कार्पेटवर हे छान चालतं. सेंटर डिफमध्ये पुढे-मागे वेगात फरक पडू शकतो, खडबडीत नाहीतर निसरड्या जागी गाडी शांत राहते. क्लबात जे जास्त लोक वापरतात ते घे, डिफमधलं सिलिकॉन तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भर, आणि चार-सहा वेळा रेस करेपर्यंत सेटअपला हात लावू नकोस. सेटअप रोज बदलत राहिलीस तर गाडी सुधारली की तुझा हात सुधारला हे तुला कधीच कळणार नाही.

मोटरच्या बाबतीत मी हट्ट धरणार आहे. टर्न, म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे, कमी तेवढा वेग जास्त, आणि फोर व्हील मॉडिफाइडमध्ये, म्हणजे मोटरला मोकळीक असलेल्या वर्गात, लोक ६.५ नाहीतर त्याहूनही कमी टर्नची मोटर लावतात. तू १३.५ नाहीतर फार तर १०.५ लाव. हॉलचा ट्रॅक लहान असतो, पूर्ण थ्रॉटल द्यायला जागाच मिळते किती. पाच मिनिटं न धडकता चालवणारा माणूस १३.५ वर त्या वेगवान पण तीनदा उलटणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी दर मोसमात बघतो. शिवाय मोटर, गिअर, बॅटरी सगळ्यावर ताण कमी.

वाचलेले पैसे सर्व्होत आणि रेडिओत घाल. गाडी दोन वर्षांनी विकशील पण चांगला रेडिओ पुढच्या गाडीलाही चालेल, आणि सर्व्हो मेटल गिअरचाच घे. टायर तर सगळ्यात आधी, गाडीच्याही आधी विचारून ठेव. कार्पेटवर-अ‍ॅस्ट्रोवर बारीक पिनांचे टायर लागतात, पुढचे आणि मागचे वेगळे, आतला फोमही महत्त्वाचा, आणि क्लबात कुठला रबर चालतो ते तिथल्या लोकांनाच माहीत. टायर चुकला तर हजार पौंडांची गाडीही साबणावर चालल्यासारखी चालते.

बॅटरी टू एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर, ७.४ व्होल्टची, पूर्ण चार्जला ८.४, त्याच्या पुढे नाही. चार्ज करताना बॅलन्स लीड (दोन्ही सेल सारखे चार्ज करणारी वायर) लावायचीच, लिपो बॅगमध्ये (आगरोधक पिशवीत) ठेवायची आणि तू खोलीत जागी असतानाच करायचं. हॉस्टेलमध्ये रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हे मी तुझ्या आईच्या वतीनेही सांगतोय. आठवडाभर वापरणार नसशील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. आणि सुट्टीत गाडी पुण्याला दाखवायला नेशीलच, तेव्हा सुटे लिपो हँडबॅगेतच ठेवायचे, टोकांना टेप लावून, चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाहीत.

बीआरसीएचं, म्हणजे ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनचं, सभासदत्व घे, त्यात विमा येतो. आणि मार्शलिंग टाळू नकोस. तुझी रेस संपली की गाडी टेबलावर ठेवून लगेच तुझ्या कोपऱ्यावर उभी राहा, दुरुस्ती नंतर. उलटलेली गाडी पटकन सरळ करून देणाऱ्या मुलीला पुढच्या हीटला आर्म तुटला तर कुणीही आपल्या पेटीतला काढून देतं.

क्लबला जाऊन आलीस की टेबलांवर काय काय दिसलं ते कळव, आणि कुणी सेकंडहँड देत असेल तर बॉडी काढून वरून, खालून आणि दोन्ही डिफजवळून फोटो पाठव. पैसे द्यायच्या आधी पाठव.

तुझा,
काका