हिमराख नव्हे, हिमधूळ

'हिमनगावर साचणाऱ्या काळ्या धुळीला, म्हणजे क्रायोकोनाइटला, हिमराख म्हणावे का? त्यातला कोनिस म्हणजे आपला कणच ना?' असा प्रश्न आला आहे.

आधी तो हिमनग खोडा. समुद्रात तरंगतो तो हिमनग, डोंगरउतारावरून सरकते ती हिमनदी. 'हिमालयातले हिमनग वितळले' हे बातम्यांत वाचून वाचून डोके उठले आहे.

क्रायोकोनाइट हा शब्द स्वीडिश संशोधक नॉर्डेनशोल्डचा, १८७० च्या ग्रीनलंड मोहिमेतला. ग्रीक क्रुओस म्हणजे गोठवणारी थंडी, कोनिस म्हणजे धूळ. बर्फात पाण्याने भरलेले उभट खळगे आणि प्रत्येकाच्या तळाशी काळा गाळ, हे त्याने पाहिले. ताजा हिम ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो. काळा कण ते पिऊन तापतो, खालचा बर्फ वितळवतो आणि स्वतःच्याच खळग्यात उतरत जातो. पातळ थराचे हे असे. थर जाड असला तर तो उलट बर्फावर पांघरूण घालतो.

कोनिस म्हणजे कण, असे बजावून सांगणाऱ्या विद्वानांना माझा साफ विरोध आहे. ध्वनिसाम्यापलीकडे त्यांच्याकडे काही नाही. कोनिसचे खरे भावंड लॅटिन किनिस, म्हणजे राख. हिमराखवाल्यांना एवढा एकच आधार आहे, पण वस्तू राख नाही. वाऱ्याने आणलेली माती, काजळी आणि त्यांना आपल्या तंतूंनी बांधून गोळ्या करणारे नीलहरित जीवाणू, असा तो जिवंत ऐवज आहे. काळेपणाही बराचसा या जीवांनी घडवलेल्या सेंद्रिय द्रव्याचा.

म्हणून हिमधूळ. भुरभुरत्या हिमाशी घोटाळा होईल, ही हरकत मला ठाऊक आहे आणि ती मी मानत नाही. गुलालाची धूळ म्हटल्यावर कोणी गोंधळते का? माझे खरे कारण वेगळेच आहे. आपली धूळ संस्कृत धूलीतून आली आणि त्या धूलीचे लॅटिन नातलग आहे फूलिगो. फूलिगोचा अर्थ काय, तर काजळी! लॅटिनमध्ये मूळचा ध शब्दारंभी फ होतो. धूम तिकडे फूमुस झाला तो याच नियमाने. म्हणजे बर्फावर जी माती आणि काजळी एकत्र बसते, त्या दोन्ही या एकाच कुळात आधीपासून नांदत आहेत. एवढा नेमका शब्द घरात असताना राख कशाला उकरायची?