रोड ट्रिपच्या सिनेमात गाडी खरंच धावत असते का? कमी पैशांत असा प्रसंग कसा घ्यायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पात्रं गप्पा मारत गाडी चालवतात तेव्हा कलाकार खरंच ती चालवत असतो का? आणि तुमच्या लघुपटात मुंबई-गोवा प्रवासातला चार मिनिटांचा संवाद आहे, लो लोडर (गाडी चढवून ओढायचा बुटका ट्रेलर) परवडणार नाही, तर तो प्रसंग घ्यायचा कसा?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. गाडी लांबून दिसते तेव्हा ती धावत असते, पण आत बहुधा डमी ड्रायव्हर असतो. चेहरे जवळून दिसतात तेव्हा गाडी एकतर लो लोडरवर चढवलेली असते (ओढणाऱ्या वाहनावर कॅमेरा व दिवे), नाहीतर स्टुडिओत उभी असते. 'आराधना'मधलं (१९६९) जीप आणि टॉय ट्रेनचं गाणं आठवा. जीप दार्जिलिंगच्या रस्त्यावर आहे, पण शर्मिला टागोर यांच्या तारखा जुळत नव्हत्या म्हणून त्यांचा डब्यातला भाग नंतर स्टुडिओत घेतला. दोघांच्या नजरा जुळवल्या की प्रेक्षक मधली दरी स्वतःच भरून काढतो. 'दिल चाहता है' आणि 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मध्ये उघडी गाडी दिसते, त्यातही ऐटीइतकीच सोय आहे. छत नाही म्हणून अंधार नाही, बाजूच्या काचा नाहीत म्हणून त्यांवरचं प्रतिबिंब नाही. वाऱ्यामुळे आवाजाची मात्र वाट लागते, तो डब करावा लागतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला एकच आहे. संवाद रात्रीचा करा आणि गाडी उभी ठेवा. संवाद म्हणत, मार्क (ठरवून दिलेली जागा) सांभाळत, कॅमेऱ्याचं भान ठेवून कलाकारानं हायवेवर गाडी चालवणं धोक्याचं आहे, आणि अभिनयही धड होत नाही.

जागा अंधारी घ्या. मोठी शेड किंवा गावाबाहेरचं मोकळं मैदान चालेल. मागे काही दिसणार नसेल तर गाडी हलते आहे हे फक्त उजेड सांगतो, म्हणून सगळी मेहनत तिथे करा. रस्त्यावरच्या दिव्याचं काय होतं ते एकदा नीट बघा. दिवा लांब असताना त्याचा उजेड समोरच्या काचेतून चेहऱ्यावर येतो. गाडी जवळ जाते तसा तो छातीवर, मग मांडीवर उतरतो आणि छताआड नाहीसा होतो. म्हणजे लाईटमननं एलईडी ट्यूब लांब काठीला बांधून बॉनेटच्या पुढून उंचावर धरायची आणि टपावरून मागे न्यायची. उलट नेली तर गाडी रिव्हर्समध्ये चालल्यासारखी वाटते. वेळेचा हिशोब सोपा आहे. खांब ३० मीटरवर धरले तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला दर ३ सेकंदांनी एक दिवा जातो, ताशी ५४ ला दर २ सेकंदांनी. हा ठेका गाव आणि शहर ओलांडतानाच ठेवा. गावांच्या मधल्या पट्ट्यात महामार्गावर अंधार असतो. तिथे फक्त समोरून येणारे हेडलाईट, आणि तेही अनियमित.

समोरच्या गाडीचा उजेड आपल्याकडे ड्रायव्हरच्या उजव्या गालावर यायला हवा, कारण आपण डावीकडून चालतो आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. परदेशी व्हिडिओ बघून दिवे लावणारे इथे हमखास चुकतात. दोन छोटे एलईडी दिवे एका फळीवर बसवा आणि पुढून हळूहळू प्रखर होत येऊ द्या. शेवटच्या सेकंदाला झटकन उजव्या खिडकीपलीकडे नेऊन काळ्या कापडाआड टाका. हळू वाढ आणि अचानक अंधार, एवढ्यावर प्रेक्षक फसतो. शिवाय एक मंद निळसर दिवा बाजूनं कायम ठेवा. चंद्र गाडीबरोबर चालतो, तो हलवायचा नाही. मागच्या काचेतून दूरवर दिसणाऱ्या वस्तीसाठी दिवाळीच्या माळा १०-१५ मीटर मागे धरून दोघांनी हळू सरकवाव्यात. ८५ मिमी लेन्स (लांबचं जवळ आणणारी) आणि उघडं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) असेल तर त्यांचे नुसते गोल ठिपके होतात.

गाडी हलवायला एक माणूस पुरतो. मागच्या कोपऱ्यावर तळहातानं हलके, बेतालपणे दाब द्यायचा. एका लयीत डोलवली की होडी झाली म्हणून समजा. फळीची तरफ लावायची असेल तर ती चासीखाली लावा. प्लॅस्टिकच्या बंपरला लावली तर बंपर हातात येईल. कॅमेरा गाडीच्या आतच ठेवा. बाहेर ट्रायपॉडवर ठेवला तर फ्रेममध्ये आख्खी गाडीच डोलताना दिसते. धावत्या गाडीवर कॅमेरा पक्का बसवून घेतलेल्या खऱ्या शॉटमध्ये उलटं असतं, गाडीची चौकट स्थिर आणि माणसं किंचित उसळतात.

आता बारीक गोष्टी, ज्यांच्यामुळे शॉट पडतो. हँडब्रेक वर ओढलेला दिसतो, म्हणून चाकांना विटा लावा आणि तो खाली सोडा. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं, म्हणून चावी 'ऑन'वर ठेवा. पण मग बॅटरी उतरते, तेव्हा दुसरी बॅटरी आणि जंपर केबल जवळ हवी. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर असतो, तो फ्रेममध्ये घेऊ नका. आतला आरसा कॅमेरामनच्या वाटेत येत असेल तर काढून टाका, कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या पात्राचा चेहरा झाकणारं पुढचं हेडरेस्टही काढा. आणि कलाकाराला सांगा की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जेमतेम बोटभर हलतं. जुन्या बॅक प्रोजेक्शनच्या (स्टुडिओत गाडीमागे पडद्यावर रस्ता दाखवून घेतलेल्या) शॉटमध्ये नायक ते रवीसारखं घुसळतो आणि मागचा रस्ता मात्र सरळसोट! शेजारच्याकडे बघणंही एका वेळी सेकंदभरच.

दिवसाचे एक-दोन शॉट लागतीलच. त्यासाठी अब्बास किआरोस्तामी यांचा 'टेन' (२००२) बघा. तेहरानच्या रस्त्यावर धावती गाडी आणि डॅशबोर्डवर पक्के बसवलेले छोटे डिजिटल कॅमेरे, एकाचं तोंड चालवणाऱ्या बाईकडे, एकाचं शेजारच्याकडे. बाहेर काही लटकवायचं नाही. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर जाणता चालक बसवून फक्त शेजारच्या पात्राचे असे शॉट घ्या. बाहेरून सक्शन माउंट (हवा ओढून पत्र्याला चिकटणाऱ्या रबरी कपांचा कॅमेरा स्टँड) लावायचाच तर सहा इंची किमान तीन कप त्रिकोणात लावा, आणि कॅमेऱ्याला वेगळा सुरक्षा पट्टा बांधा. बॉनेटचा मधला पत्रा पातळ असतो, थरथरतो. कडेला, खाली पट्टी असते तिथे कप टिकतात. धूळ, वॅक्स आणि तापलेला पत्रा हे कपचे वैरी. लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या जागेवर तर लावूच नका, रंगाचा पापुद्रा कपाबरोबर निघून येतो. प्रत्येक टेकआधी कपाच्या पंपावरची लाल रेघ बघा. ती दिसली की हवा शिरते आहे.

काचेवर आकाश दिसतं त्याला पोलरायझर (चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर) उपयोगी पडतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि रस्ता वळला की प्रतिबिंब परत येतं. ते पूर्ण घालवूही नका, नाहीतर काच नसल्यासारखी दिसते. बाहेरचं पांढरं फटक होऊ नये म्हणून खिडकीला आतून एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी फिल्म) लावतात. ०.६ चं जेल एक चतुर्थांशच उजेड सोडतं. आपल्या नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड जायला हवा, त्यामुळे खुल्या रस्त्यावर जेल लावून निघालात तर पोलीस थांबवणारच. खासगी किंवा परवानगी घेऊन बंद केलेला रस्ता असेल तरच लावा.

वेग ताशी ३० ठेवलात तर मिनिटाला ५०० मीटर जातात. दोन मिनिटांच्या संवादाला एक किलोमीटर सरळ रस्ता हवा, वर सुरुवातीचे आणि थांबायचे शे-दोनशे मीटर. परतीच्या फेरीत शूट करायचा मोह टाळा, कारण ऊन दुसऱ्या गालावर येतं. तुमची पात्रं दक्षिणेला निघाली आहेत. म्हणजे सकाळी ऊन डावीकडून, शेजारी बसणाऱ्यावर, आणि दुपारनंतर उजवीकडून, ड्रायव्हरवर. समुद्र उजव्या हाताला. (आणि महामार्गावरून तो बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, हे कोकणातला प्रेक्षक विसरत नाही.)

आवाजासाठी लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) छातीवर नको, सीटबेल्ट घासतो. सनव्हायझरच्या कडेला लपवा, प्रत्येकाला एक. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी बंद, काचा वर. दर टेकनंतर दारं उघडा, नाहीतर काचांवर वाफ धरते आणि मेकअप उतरतो. नंतर तीच गाडी एकाच गिअरमध्ये, एकाच वेगानं चालवून आतला आवाज सलग पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मध्ये गिअर बदलला की तो तुकडा संवादाखाली जोडताना सांधा ऐकू येतो. तीच फेरी काचा खाली करून परत मारा. पात्रानं बोलता बोलता काच उतरवली, की तिथे हा दुसरा ट्रॅक लागेल.