कविता सोडू का, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

संग्रह पुन्हा साभार परत आला, म्हणून आता कविता सोडून कादंबरीच लिहू का, असं तू विचारतेस. कादंबरीला वाचक जास्त, हे कबूल. पण तिच्यासाठी कवितेचा बळी द्यायचा, हा हिशेब मला पटत नाही.

आन एबेर वाच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची, फ्रेंचमध्ये लिहिणारी, जन्म १९१६चा. पहिला कवितासंग्रह १९४२ला आला, त्याला पुरस्कारही मिळाला. एवढ्यावर पुढचं सोपं व्हायला हवं होतं ना? पण 'ल तोरां' (म्हणजे खळाळता प्रवाह) ही तिची कथा बघ. आई पोराच्या डोक्यात किल्ल्यांचा जुडगा हाणते, पोरगा बहिरा होतो, आणि मग त्याला आतल्या आत उसळत्या पाण्याचाच आवाज येत राहतो. चर्चचा वचक असलेल्या त्या क्वेबेकात हे छापायला कुणी धजेना. शेवटी १९५०मध्ये तिने पदरमोड करून कथासंग्रह काढला. 'ल तोंबो दे र्‍वा' या कवितांनाही प्रकाशक मिळाला नाही. तेव्हा कादंबरीकार रोजे लेमलँ यांनी पैसे उसने दिले आणि १९५३मध्ये पुस्तक निघालं. आज क्वेबेकच्या आधुनिक कवितेत त्याला मानाचं स्थान आहे.

पोटासाठी ती रेडिओला आणि नॅशनल फिल्म बोर्डाला लिहून देत होती. तेव्हा जाहिरातीच्या नोकरीची लाज वाटून घेऊ नकोस, आणि राजीनाम्याचं तर नावच काढू नकोस.

आता 'कामुरास्का', १९७०ची कादंबरी. मुळात १८३९च्या एका खऱ्या खुनाची गोष्ट: बाईचा प्रियकर, एक डॉक्टर, बर्फातून घसरगाडी हाकत जाऊन तिच्या नवऱ्याला मारतो. एबेर या बाईला दुसऱ्या नवऱ्याच्या मरणशय्येजवळ बसवते आणि तिथून सगळं आठवायला लावते. बाई 'मी' म्हणता म्हणता स्वतःलाच 'ती' म्हणू लागते. वाक्यं तुटक, कितीतरी बिनक्रियापदाची. मध्येच वाटेवरच्या खानावळवाल्यांच्या जबान्या येतात, त्यात गाडीतल्या पांघरुणांवरच्या रक्ताची बोलणी. का मारलं, याचं लांबण कुठेच नाही. माझ्या मते हे कवितेत हात बसलेल्यालाच जमतं. पटलं नाही तर भांड माझ्याशी.

'ले फू द बासां' या तिच्या कादंबरीला १९८२मध्ये फ्रान्सचा फेमिना पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. खरं सांगायचं तर १९६०नंतर तीसेक वर्षं तिच्या नव्या कवितांचं पुस्तक आलं नाही. पण कविता लिहिणं चालू होतं, आणि ऐंशी उलटल्यावरही, १९९७मध्ये, तिचा संग्रह निघाला.

तुझ्या हस्तलिखितातल्या शेवटच्या बारा कविता मात्र काढच. त्या पानं भरायला लिहिल्यात, लगेच कळतं. उरलेल्यांची पुस्तिका स्वतः काढ, शंभर प्रती पुरेत. आणि कादंबरीचं अख्खं प्रकरण नको, आत्याच्या घरावर जप्ती येते तेवढाच प्रसंग पाठव. आत्याला काय वाटलं ते आधी खोडून.

शुभाशीर्वाद.