टेक्सासच्या किनाऱ्यावर मित्रांसोबत रेडफिश पकडायला जायचंय, पण वीकेंडला थंड हवेचा फ्रंट येतोय म्हणतात. जावं की कॅन्सल करावं?

जा.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही खाली लिहिलंय ना, की एक मित्र म्हणतोय फ्रंट येत असताना समुद्रावर जाणं शुद्ध मूर्खपणा आहे, ते वाचून माझं डोकंच सटकलं. हेच वाक्य मी चार वर्षं ऐकतोय. ह्यूस्टनमधला प्रत्येक गणपती, प्रत्येक बार्बेक्यू, आणि आता तर ज्या तिथे नव्हत्याच त्या बायकासुद्धा म्हणायला लागल्यात. तर आता सांगूनच टाकतो.

आम्ही चौघं. मी मालवणचा, बाकीच्यांना आम्ही गावावरूनच हाक मारतो, पुणेकर, नागपूरकर आणि लातूरकर. मी लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलेला माणूस, खाडीत गळ टाकून गरवण्यात सुट्ट्या गेल्या, आणि या तिघांनी मासा बघितलेला तो थेट ताटात. ऑक्टोबर होता, दिवाळी आठवड्यावर आलेली. बोलिव्हर द्वीपकल्पावर क्रिस्टल बीचला एक केबिन घेतली होती, ती उंच खांबांवरची. तिथली सगळीच घरं तशी आहेत, 2008 च्या आइक वादळाने जवळजवळ सगळं धुऊन नेलं होतं. शुक्रवारी रात्री गॅल्व्हेस्टनहून फेरीने पलीकडे गेलो, फुकट असते ती, आणि फेरीवरच पुणेकराने मोबाइल काढून दाखवलं की उद्या संध्याकाळी फ्रंट येतोय, दिवसभर दक्षिणेचा जोराचा वारा, मग पाऊस. मी म्हटलं उत्तम!

उत्तम का, तर हे कुणी नीट सांगत नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर मोठे रेडफिश, ज्यांना इथे बुल रेड म्हणतात, अंडी घालायला खाडीच्या तोंडांजवळ, जेटीजवळ, किनाऱ्याला लागून जमतात. बोय माशांचे थवे त्याच वेळी किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत असतात. फ्रंटच्या आदल्या दिवशी समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं आणि हे मासे वाळूच्या दांड्यांमधल्या खोलगट पट्ट्यात येऊन अधाशासारखे खातात. निळंशार, शांत पाणी फोटोला बरं.

तर शनिवारी सकाळी मिनीव्हॅन थेट वाळूवर नेली, तिथे स्टिकर लावून गाडी नेता येते, आणि पाण्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर लावली. नागपूरकराने त्याचा नवाकोरा रॉड उभा ठेवायचा पाइप वाळूत वीतभरच ठोकला. मी म्हटलं अजून ठोक. तो म्हणाला, बसला ना बे. वीस मिनिटांत पाइपसकट रॉड पाण्यात, आणि हा कंबरभर पाण्यात मागे धावतोय. गेला तो गेला, मासा कुठला होता तेही कळलं नाही.

दुपारी दोन-अडीचला लातूरकराला हार्डहेड लागला. हा आपला शिंगाळाच हो, त्याच जातकुळीतला, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे आणि काट्यात विष. मी सकाळीच सांगितलं होतं की मिशीवाला मासा आला की हात लावायचा नाही, मला हाक मारा, पक्कडीने सोडवतो. याने हात नाही लावला, चप्पल घातलेल्या पायाने दाबून धरला. रबरी चप्पल. काटा चपलेतून आरपार तळव्यात. आधी तो हसला, मग दोन मिनिटांनी पांढराफटक पडला आणि आईला हाका मारायला लागला. आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, विष उष्णतेने निकामी होतं. गरम पाणी केबिनवर, केबिन रस्त्यापलीकडे. पुणेकराने त्याला खांदा दिला आणि दोघं लंगडत चालत गेले, गाडीत वाळू नको म्हणून. हे लक्षात ठेवा, चालत गेले.

ते रस्त्यापलीकडे गेले आणि माझी रीळ ओरडायला लागली.

गळाला अर्धी निळी कुर्ली, म्हणजे खेकडा, लावली होती, वरचं कवच काढून. कुर्ली लावली की शिंगाळे कमी त्रास देतात, कापलेली बोय लावली तर तेच आधी येतात. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, होता त्यामुळे झटका द्यायचा नाही, नुसती रीळ वळवत राहायची. पहिल्या धावेतच शंभर-एक यार्ड दोरी गेली. पंचवीस मिनिटं लागली. दोनदा अगदी जवळच्या दांड्यापर्यंत आणला आणि दोनदा तो परत निघून गेला, माझे हात थरथरायला लागलेले, वारा तोंडावर वाळू मारतोय, नागपूरकर बाजूला नाचतोय. शेवटी लाटेबरोबर वाळूवर आला तेव्हा बघितला, तांब्याच्या घागरीला चिंच लावून घासल्यावर जो रंग येतो ना तो रंग, आणि शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढा काळा ठिपका. टेप लावली, 41 इंच. दोन्ही हातांनी उचलला तर आतून ढब ढब वाजतो, ते ऐकू येण्याआधी हाताच्या हाडांना कळतं. घोळ आणि ढोमा ह्याच कुटुंबातले, म्हणून याला इथे रेड ड्रम म्हणतात. (इथले बरेच मराठी लोक याला तांबोशी समजतात. तांबोशी ही स्नॅपर, हा वेगळा.)

आणि त्याच वेळी मागून पुणेकराची किंकाळी. गाडी!

पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला लागलं होतं आणि मागची चाकं वाळूत अर्धी रुतलेली. तो ओरडतोय गाडी गाडी, मी म्हणतोय एक मिनिट, मासा सोडू दे, तर हा गडी गाडी बुडत असताना म्हणतो सोडतोस कशाला, माझ्याकडे टॅग आहे! तिथे उभं राहून भांडलो आम्ही, देवाशप्पथ, गुडघाभर पाण्यात. नियम असा की 20 ते 28 इंचांमधले तीन ठेवता येतात, त्याहून मोठा ठेवायचा तर लायसन्सबरोबर मिळणारा टॅग वापरायचा. म्हणजे कायद्याने ठेवता आला असता. पण 41 इंची मासा तीसेक वर्षं जगू शकतो, पैदास करणारा तोच, आणि खायला म्हणाल तर जाडाभरडा, तुरट. इथेच ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफच्या ब्लॅकन्ड रेडफिशचं इतकं वेड लागलं होतं की मेक्सिकोच्या आखातातला हा मासा संपायची वेळ आली. टेक्सासने तर 1981 मध्येच विक्री बंद केली होती. आज हॉटेलात मिळतो तो तळ्यात वाढवलेला. मी त्याला तोंड लाटेकडे करून शेपटी धरून उभा राहिलो, त्याने एक फटका मारला, मला नखशिखांत भिजवलं आणि गेला.

मग फ्रंट आला. दक्षिणेचा वारा एकदम पडला, उत्तरेला शाईसारखी पट्टी, आणि पाच मिनिटांत असा थंड वारा की अंगातले टीशर्ट कागदाचे वाटायला लागले. आडवा पाऊस. आम्ही तिघं बॉडीबोर्डाने चाकाखालची वाळू उपसतोय. एक म्हातारा पिकअप घेऊन आला, काही न विचारता पट्टा अडकवला, दोन हिसक्यांत व्हॅन बाहेर. पैसे घेईना. शेवटी नागपूरकराच्या आईने दिलेला चकल्यांचा डबा त्याच्या हातात दिला, तो त्याने तिथेच उघडून एक तोंडात टाकली आणि मग सांगितलं की तुम्ही भरतीचं टेबल बघून गाडी लावलीत ना, इथे दक्षिणेचा वारा दिवसभर वाहिला की तो पाणी किनाऱ्यावर ढकलत राहतो, टेबलात आहे त्यापेक्षा फूट-दीड फूट जास्त चढतं.

रविवारी सकाळी उत्तरेचा वारा, समुद्र तळ्यासारखा सपाट, पाणी इतकं मागे गेलेलं की आदल्या दिवशीचे दांडे उघडे पडले होते. नागपूरकराचा पाइप सापडला, रॉड नाही. आणि 24 इंची एक रेडफिश मिळाला, हा ठेवला. खवलं काढायची नाहीत, कातडी-खवल्यांसकट दोन फाका करायच्या, मांसाच्या बाजूला मालवणी मसाला, लिंबू, मीठ, आणि खवल्यांची बाजू खाली करून ग्रिलवर. ती खवलंच तवा होतात. सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून सगळ्यात जास्त लातूरकराने खाल्ला.

आता तुम्हीच सांगा, यात फ्रंटने काय वाकडं केलं? रॉड गेला तो पाइप न ठोकल्याने, पाय गेला तो चपलेने.

गाइड घ्यावा का विचारलंय तुम्ही. चौघं असाल आणि पैसे असतील तर घ्या, मला त्यात रस नाही. लायसन्स सॉल्टवॉटरचंच घ्या आणि ते 31 ऑगस्टला संपतं हे विसरू नका, नियमही निघण्याआधी एकदा बघून घ्या. डॅलसहून येताय तर परतीला फेरीची रांग दोन-दोन तास लागते, त्यापेक्षा हाय आयलंडवरून विनीमार्गे आय-10 ला लागा.

हो, आणि जा म्हटलं ते किनाऱ्यावरून गरवायला. बोटीने जाणार असाल आणि कॅप्टन नको म्हणाला तर वाद घालू नका. विजा दिसल्या की रॉड खाली टाकून गाडीत, दहा फुटी ग्रॅफाइटची काठी हातात धरून उभं राहायची ती वेळ नव्हे. सॅन लुइस पासला पाण्यात उतरायचंच नाही, कुठल्याही हवेत, तिथला प्रवाह माणसं नेतो. आणि हिवाळ्यातला फ्रंट असेल तर माझं हे उत्तर लागू नाही.

राहता राहिली गाडी. पाणी चाकांना लागलेलं मी बघितलं होतं, कबूल. मासा लागल्यावर दहाएक मिनिटांनी मान वळवली तेव्हा दिसलं. पण पुणेकर सगळ्यांना सांगतो की याने मासा ओढत बसून माझी गाडी बुडवली, आणि हे सांगताना दोन गोष्टी खातो. एक, पुढे ब्रेक गंजले त्याचं अर्धं बिल मी दिलं. आणि दोन, मी रॉड फेकून गाडीकडे धावलो असतो तरी काय केलं असतं, किल्ली याच्या खिशात होती, आणि हा केबिनमध्ये बादलीत पाणी ओतत बसला होता.