व्यायामाने जागरण भरून निघत नाही

यावेळच्या बहुतेक पत्रांत एकच समज आहे: व्यायाम केला की झोप कमी झाली तरी चालते. चालत नाही. व्यायामामुळे जागरणाचा मेंदूवरचा मार थोडा सौम्य होतो, पण तो झोपेची जागा घेत नाही.

व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी? (पुसद)

जमेल तेव्हा करा. फक्त दमछाक करणारा व्यायाम झोपण्याआधीच्या तासाभरात नको, आणि मे महिन्यात ऊन चढायच्या आत उरका.

मुलगी 17 वर्षांची, नीटची तयारी करते. दोनला झोपते, पाचला उठते. मेडिकलवाल्याने स्मरणशक्तीची पावडर दिली आहे. द्यावी का? (दारव्हा)

पावडर परत करा, तिने स्मरणशक्ती वाढत नाही. या वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. रोज तासभर खेळ किंवा भराभर चालणं हवं. चार आठवडे धावलेल्या उंदरांना 24 तास जागवलं तरी त्यांची स्मरणशक्ती टिकली, न धावलेल्यांची घसरली. पण हे एका जागरणापुरतं आहे. रोज तीन तास झोपणाऱ्या मुलीला त्याचा आधार देऊ नका. फार थकत असेल तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर वावरात राबतो. हरभऱ्याच्या ओलितासाठी आठवडाभर रात्रीची लाइन (पंपाची वीज), मग रानडुकरांसाठी जागल. अंग काटक आहे, तरी डोकं जड का राहतं? (वय 42, घाटंजी)

डोकं जड राहतं ते झोप तुटल्याने. श्रमांनी अंग काटक होतं, पण सलग 17 तास जागं राहिल्यावर मेंदूची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवताना 0.03 टक्क्यांवरच गुन्हा होतो. पहाटे मोटार बंद करून दुचाकीवर घरी येताना दोन-चार सेकंद डोळा लागतो, तो माणसाला कळतही नाही. त्यामुळे लाइनच्या आठवड्यात संध्याकाळी निदान दीड तास झोपून मगच वावरात जा. पहाटे तीननंतर चहा नको. जागं राहण्यासाठी खर्रा तर नकोच. त्यातली तंबाखू झोप उडवते आणि तोंडाचा कर्करोगही देते. घरी आल्यावर खोली अंधारी करून सलग चार-पाच तास झोपा, दुपारी पुन्हा तासभर. त्याच सकाळी फवारणी करू नका. वारा कुठून आहे, मास्क बसला का, याचं भान अशा वेळी सुटतं. जागल शेजाऱ्याशी आळीपाळीने करा.

वाकून कापूस वेचण्याने कंबर दुखते, पण श्वास वाढत नाही. मेंदूला उपयोगी ते बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, आठवड्याला 150 मिनिटं. ते दिवसाची लाइन असेल त्या आठवड्यात करा, जागरणानंतर नाही. तुटक झोपेने रक्तदाबही वाढतो, तो या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्या. पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही रात्र जागू नका.

आई 68 वर्षांची, विसरते. शेजारणीकडून घेतलेली झोपेची गोळी वर्षभर चालू आहे. तिला चालायला पाठवू का? (वणी)

जरूर पाठवा. 2011 मधल्या एका अभ्यासात 55 ते 80 वयाची माणसं आठवड्यात तीनदा 40 मिनिटं चालली. वर्षभरात त्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. पण आधी गोळी डॉक्टरांना दाखवा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनीच विसर पडतो, तोल जातो, रात्री पडून खुबा मोडतो. मात्र वर्षभराची गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करावी लागते. थायरॉइड आणि बी-12 तपासा.

नवरा फार घोरतो, दिवसा बसल्या जागी झोपतो. व्यायामाने जाईल का? (आर्णी)

वजन उतरलं तर घोरणं कमी होतं, पण घोरता घोरता श्वास थांबत असेल तर वाट पाहू नका, आधी डॉक्टर.