आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत मुलं नक्की शिकतात काय? सिव्हिल केलं तर तेच नाही का?

मुलगी बारावीला आहे, आर्किटेक्चरचा हट्ट धरून बसलीये, पण पाच वर्षं नुसती चित्रंच काढायची तर सिव्हिल काय वाईट, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. ते 'नुसती चित्रं' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हे शब्द मी कॉलेजपासून माझ्या काकांच्या तोंडून ऐकतेय.

काका बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर. नाशकातला अर्धा पाथर्डी फाटा आपणच उभा केला असं त्यांचं म्हणणं. २०११ साली मी सेकंड इयरला असताना त्यांच्या स्वतःच्या बंगल्याचं काम चालू होतं. पहिला स्लॅब टाकून झाला होता, जिन्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागत होतं. त्याच आठवड्यात कॉलेजात माझी जिन्याची शीट परत आली होती. एकास वीस स्केल, दोन रात्री जागून शाई केलेली. सरांनी लाल पेन्सिलीने तिच्यावर तिरकी रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "फरशी कुठाय?" मी सगळ्या उंच्या काँक्रीटपासून धरल्या होत्या. चालतं कोण काँक्रीटवर?

साइटवर गेले तर मिस्त्रीनेही भिंतीवर खडूने तेच आखलेलं. खालच्या कोब्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत नऊ फूट नऊ इंच, भागिले १८, साडेसहा इंचाची पायरी. मी म्हटलं, "काका, खोल्यांत मसाला आणि फरशी मिळून तीन इंच चढणार, पायऱ्यांवर ग्रॅनाइट धरून दीडच. पहिली पायरी दीड इंच बसकी होईल आणि शेवटची दीड इंच उंच." काका मजुरांसमोर हसले. "तुम्हाला चित्रं काढायला शिकवतात गं, जिने आम्ही बांधतो." दोन दिवसांनी जिना ओतला.

मधल्या १६ पायऱ्या साडेसहा इंच, पहिली पाच, शेवटची आठ. जिना चढताना दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंची पाठ होते, मग खाली कोण बघतंय? वास्तुशांतीला शेवटच्या पायरीवर किती पाहुणे अडखळतात ते मी जिन्याखाली उभी राहून मोजत होते. अकरावर सोडून दिलं. काकू वर्षभरात दोनदा पडली. काका म्हणतात तिची चप्पल गुळगुळीत आहे.

त्याच वर्षी मेझर्ड ड्रॉइंगसाठी जुन्या नाशकातला एक वाडा मोजला. दिवसाही दिवा लागेल असा अंधार, भिंतीला चिकटलेला लाकडी जिना, शिडीपेक्षा जरा बरा. पायरी नऊ इंचांच्या पुढे, आज कुणी मंजूर करणार नाही. पण टेप लावून एकेक मोजली तर खालपासून वरपर्यंत दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचाही फरक नाही. तो सुतार कुठल्या कॉलेजात गेला होता, असं काका विचारतात. नव्हता गेला. पण लाकूड कापायच्या आधी तो आखत होता, आणि शेवटची पायरी कुठे टेकणार ते त्याला माहीत होतं.

बरं, तुमचा प्रश्न. दहा सेमिस्टर. त्यातलं एक कुणाच्या तरी ऑफिसात ट्रेनिंगला जातं, शेवटी थिसिस. डिझाइन स्टुडिओ जवळजवळ प्रत्येक सेमिस्टरला आणि त्याची ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं काम मांडायचं. तिथे रडणं येतं, तिला आधीच सांगून ठेवा. बाकी कन्स्ट्रक्शन, स्ट्रक्चर, एस्टिमेशन, प्लंबिंग, इतिहास. इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत. नाशकातल्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे पांडवलेण्यांत, १८ नंबरच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कोरलीये. तिथे उभं करून विचारतात, यातलं काय खरंच वजन पेलतंय? क्लायमेटॉलॉजीत कळतं की नाशिक २० अंशांवर असल्याने २१ जूनला भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. नाशकात किती बंगल्यांना तो आहे ते बघत फिरा.

आणि सिव्हिल वेगळं आहे. तिथे बीम किती खोल, सळई कितीची, हे हिशोबाने काढायला शिकवतात. आम्हाला त्याआधी विचारतात की तो बीम पलंगाच्या डोक्यावर कशाला आणलास. दोघंही लागतात, हे मी काकांसमोर बोलणार नाही.

मुलीची परीक्षा घ्यायची तर टेप द्या आणि घरचा जिना मोजून कागदावर काढायला सांगा. कंटाळली तर हट्ट मैत्रिणींचा बघून आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या का नाहीत म्हणून तुम्हाला विचारायला आली तर नाटाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी सुरू करा.

राहिलं एक. कॉलेज-कॉलेजात फार फरक आहे, काही ठिकाणी खरोखरच चित्रंच काढून घेतात. शीट्स, मॉडेल, प्रिंट यांचा खर्च फीच्या वर. आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करून नावापुढे आर्किटेक्ट लावता आलं तरी पहिली काही वर्षं पगार बेताचाच. माझ्या पहिल्या पगारापेक्षा काकांचा सेंट्रिंगवाला जास्त कमवायचा, हे काका दर दिवाळीला ऐकवतात. गेल्या दिवाळीला ऐकवलं तेव्हा ते फराळाचं ताट घेऊन माझ्यापुढे जिना चढत होते. शेवटच्या पायरीपाशी थांबले, खाली बघितलं, मग पाय उचलला.