शस्त्रक्रियेनंतर डोक्यामागे टक्कल

प्रश्न : बाबांची बायपास सात तास चालली. तीन आठवड्यांनी डोक्याच्या मागे रुपयाएवढी जागा एकदम मोकळी झाली. चाई म्हणायची का?

उत्तर : चाईचीही शंका येते, पण दिसायला सारखं असलं तरी हे बहुधा दाबामुळे आलेलं टक्कल आहे. डोकं तासन् तास एकाच जागी टेकलं की कवटी आणि उशी यांच्यात त्वचा चेपते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला दाब साधारण ३० मिलिमीटर पारा. त्याहून जास्त भार आला की रक्त पुढे सरकत नाही. त्यात बायपासमध्ये रक्तदाब आणि शरीराचं तापमान बऱ्याचदा मुद्दाम कमी ठेवतात.

केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्यांपैकी, म्हणून प्राणवायूची उपासमार त्यांना आधी भोवते. गंमत म्हणजे रक्त परतल्यावरही मुक्त कणांचा (फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) मारा होऊन इजा वाढते. विभाजन थांबतं, केस सुटतो. टक्कल दिसतं मात्र काही दिवस ते चार आठवड्यांनी.

सूज, दुखणं किंवा खपली होती का, हे आठवा. जखम झाली नसेल तर केस बहुतेक वेळा चार महिन्यांच्या आत परततात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. व्रण पडून त्वचा गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. तेल रगडू नका. झोपताना कूस बदलत राहा. पुढच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हे जरूर सांगा : जेलची उशी घेऊन डोकं अधूनमधून वळवता येतं.